पडद्यावरचा पट्टा, अंगणातला खड्डा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कूलर लावला आणि त्याच आठवड्यात पडद्यावर पट्टा दिसायला लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कळायला मला पाच आठवडे लागले. कोणाचे तरी ते पाच आठवडे वाचावेत म्हणून सगळं लिहून काढतो आहे.

आमचं घर नागपुरात, मानेवाड्याला, बाबांनी १९९८ मध्ये बांधलेलं. मागच्या मोठ्या खोलीत होम थिएटर केलंय: छताला प्रोजेक्टर, भिंतीवर पडदा, पाच स्पीकर, एक सबवूफर आणि सगळ्यांच्या मधे रिसीव्हर. सिनेमे बघायला स्ट्रीमिंगची काडी आहे. आईच्या मालिका आणि क्रिकेटसाठी केबलचा सेट टॉप बॉक्स आहे. बॉक्स जुना, त्याला एचडीएमआय नाही, मागे फक्त पिवळी, लाल आणि पांढरी पिन. पिवळ्या वायरमधून येणारं चित्र रिसीव्हर डिजिटल करतो आणि लांब एचडीएमआय केबलने प्रोजेक्टरकडे पाठवतो. ही पिवळी वायर लक्षात ठेवा.

पट्टा कसा, तर पडद्याच्या पाव उंचीचा, जरा काळपट, कडा पुसट. काचेवरून ओला फडका फिरवल्यावर मागे ओल राहते, तशी एक आडवी सावली चित्रावरून हळूहळू सरकायची. मालिकेत फारशी कळायची नाही. सामना लागला आणि हिरवं मैदान पडदाभर पसरलं की मात्र नजर तिथेच अडकायची. सोबत सबवूफरमधून बारीक, जाड गुणगुण.

केबलवाल्याचा मुलगा आला, त्याने लाइन तपासली आणि बॉक्स बदलून दिला. पट्टा होता तिथेच. "भाऊ, लाइन ओके आहे. तुमचा प्रोजेक्टरच जाऊन राहिला," म्हणाला. दुरुस्तीवाल्याने फोनवर वर्णन ऐकूनच बोर्ड बदलायचा खर्च सांगितला, आणि तो ऐकून मी ठरवलं की आधी स्वतः नीट शोधायचं.

शोधायची पद्धत एकच ठेवली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बघायचं, लिहायचं, परत होती तशी करायची. घाईत दोन वायर एकदम काढल्या आणि पट्टा गेला, तर कोणत्या वायरमुळे गेला ते कधीच कळत नाही.

पहिली नोंद: स्ट्रीमिंगच्या काडीवरच्या चित्रात पट्टा नाही. म्हणजे प्रोजेक्टर सुटला, बोर्डाचा खर्च वाचला. खरं तर हे पाच मिनिटांत कळण्यासारखं होतं, पण घरी येणारा प्रत्येक जण आधी आपल्या हातातल्या वस्तूला निर्दोष ठरवतो आणि मग दुसऱ्याच्या वस्तूकडे बोट दाखवतो. दुसरी नोंद: गुणगुण मात्र सगळ्यांवर आहे, काडी लावली तरीही.

मग बॉक्सचा निळा मेन्यू पडद्यावर लावून ठेवला. केबलचा सिग्नल नसला तरी हा मेन्यू दिसतो, म्हणून चाचणीला तो उत्तम. मेन्यूवरही पट्टा होता. बॉक्सच्या मागची केबलवाल्याची काळी वायर आट्या फिरवून सोडवली आणि पट्टा गेला. गुणगुणही थांबली. परत टेकवली, परत पट्टा. खोलीतले दिवे बंद होते, त्यामुळे एक गोष्ट दिसली ती अजून डोळ्यांसमोर आहे. वायरचं पितळी टोक बॉक्सच्या आट्यांना टेकताना सुईच्या टोकाएवढी निळसर ठिणगी उडाली. सिग्नलच्या वायरीत ठिणगी उडण्याइतकी वीज असायचं काहीच कारण नाही.

यातलं शास्त्र मी नंतर वाचून समजून घेतलं. केबलच्या काळ्या वायरीच्या आत जे जाळीचं आवरण असतं, ते गल्लीतल्या अॅम्प्लिफायरपाशी कुठेतरी जमिनीला जोडलेलं असतं. आमच्या प्रोजेक्टरची तिसरी पिन आमच्या अंगणातल्या अर्थिंगला जाते. जाळी, बॉक्स, पिवळी वायर, रिसीव्हर, एचडीएमआय, प्रोजेक्टर, अर्थिंग असा सलग रस्ता तयार होतो आणि त्याची दोन्ही टोकं जमिनीत असतात. या दोन जमिनींच्या व्होल्टेजमध्ये फरक पडला की त्या रस्त्याने ५० हर्ट्झची वीज वाहायला लागते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. पिवळ्या वायरीतला चित्राचा सिग्नल सगळा मिळून १ व्होल्टचा. त्यात शेकड्याला एक-दोन भागांची भेसळ झाली तरी डोळ्याला कळते.

आता पट्ट्यांची संख्या. ही खूण मला फार उपयोगी वाटली. आपल्याकडे बॉक्समधून निघणारं हे चित्र सेकंदाला ५० वेळा वरून खाली रेखलं जातं आणि घरातली वीजही ५० हर्ट्झची. म्हणून बाहेरून घुसलेल्या मेनच्या विजेचा पडद्यावर एकच पट्टा दिसतो. दोन पट्टे दिसले तर ती १०० हर्ट्झची खोड, आणि ती बहुतेक वेळा यंत्राच्या आतल्या पॉवर सप्लायची, म्हाताऱ्या झालेल्या कपॅसिटरची. आमचा एकच होता. आजार बॉक्सच्या पोटात नव्हता, बाहेर होता.

पट्टा सरकत का होता, हे माझ्या मुलीने शोधलं. ती सहावीत आहे. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून पट्ट्याला पूर्ण फेरी मारायला किती वेळ लागतो ते ती वहीत लिहायला लागली. कधी २० सेकंद, कधी ४५. एके रात्री ती धावत आली, "बाबा, पट्टा उलटा चाललाय!" आणि खरंच, संध्याकाळी खाली उतरणारा पट्टा रात्री वर चढत होता. कारण असं की बॉक्सचं चित्र ५० वर पक्कं असतं, पण वीज ५० च्या जरा खाली-वर होत असते. आपल्या ग्रीडसाठी ठरवून दिलेली मर्यादाच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झची आहे. वीज ४९.९५ वर असली तर फरक ०.०५ चा, म्हणजे वीस सेकंदांत एक फेरी, आणि पट्टा खाली सरकतो. ५० च्या वर गेली की वर चढतो. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइनने दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाला जोडलं गेलं, तेव्हापासून सगळा देश एकाच ठेक्यावर चालतो. कोराडीचं जनित्र असो की तमिळनाडूतलं, ठेका तोच. आमच्या मागच्या खोलीतल्या पडद्यावर तो ठेका डोळ्यांनी दिसत होता. तिला हे सांगितलं तेव्हा ती पडद्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

कारण कळलं तरी उपाय कळला नव्हता, आणि इथे मी एक मोठी चूक केली.

ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनने सांगितलं, "प्रोजेक्टरची अर्थिंगची पिन काढून टाका भाऊ, दोन पिनवर चालवा. सगळे तेच करतात." मी तीन पिनचा दोन पिन करणारा अडॅप्टर लावला. पट्टा गेला. गुणगुण गेली. चित्र असं स्वच्छ की दोन दिवस मी खूश होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई कूलरमध्ये पाणी भरत होती. एक ओला हात कूलरच्या लोखंडी अंगावर. तोल सांभाळायला दुसरा हात शेजारच्या रॅकवर टेकवला, तो रिसीव्हरच्या पत्र्याला लागला. ती ओरडली आणि बादली सांडली. मनगटापासून कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या. तिला काही झालं नाही. पण ती म्हणाली, "कूलरच्या झिणझिण्या तर मागच्या वर्षीपासून येतात, म्हणून मी चप्पल घालूनच पाणी भरते." मागच्या वर्षीपासून. आणि आम्ही कोणी विचारलं नव्हतं.

नागपुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. लोखंडी कूलर, पाणी आणि विजेचा पंप एका डब्यात असतात, आणि दर उन्हाळ्यात विदर्भातल्या पेपरांत कूलरचा शॉक लागून कोणीतरी गेल्याची बातमी असते. मी आधी कूलरचा प्लग उपटला, मग तो अडॅप्टर काढून मोडून फेकला आणि मोठ्या बाबांना फोन लावला.

मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. महाल भागातून रिक्षाने आले. पट्ट्याची सगळी कथा ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या वहीत कुठेच नव्हता.

"पट्टा पावसाळ्यात दिसते का?"

आठवून पाहिलं. मागच्या मे महिन्यातही सबवूफर थोडा गुणगुणायचा. पाऊस लागल्यावर थांबला होता. तेव्हा आम्ही केबलचं काम झालं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"मग तो पिन काऊन काढला बाप्पा? पट्टा सांगून राहिला होता तुले काहीतरी. मीटर आन."

त्यांनी कूलरचा प्लग परत लावायला सांगितला आणि मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून प्रोजेक्टरच्या स्विचबोर्डावर मोजायला सुरुवात केली. मी लिहीत होतो. हे काम सवय नसलेल्या माणसाने करू नये. प्रोब चालू सॉकेटमध्ये घालायचे असतात, मलाही त्यांनी हात लावू दिला नाही.

फेज आणि न्यूट्रल: २२९ व्होल्ट. ठीक. न्यूट्रल आणि अर्थ: १४ व्होल्ट. हा आकडा दोन-तीनच्या आत असायला हवा. केबलची काळी वायर सोडवून परत मोजलं: ३१. मोठे बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग कूलरचा प्लग काढायला सांगितला आणि परत मोजलं: २.

तिथे सगळा उलगडा झाला. कूलरचा पंप गळत होता, म्हणजे त्याची वीज थोडी थोडी पाण्यात आणि पत्र्यात उतरत होती. अर्थिंग चांगली असती तर ती गळती मुकाट जमिनीत गेली असती. पण आमची अर्थिंग तिला पुरेशी वाट देत नव्हती, म्हणून घरातली अर्थिंगची वायरच ३१ व्होल्टवर चढून बसली होती, आणि तिच्याबरोबर अर्थला जोडलेला प्रत्येक पत्रा. फ्रिज, मिक्सरचा बोर्ड, सगळं. त्या विजेला केबलवाल्याच्या जाळीतून जमिनीत जायचा दुसरा रस्ता सापडला. ती तिकडून वाहायला लागली आणि जाता जाता आमच्या पिवळ्या वायरीत पट्टा काढून गेली. म्हणूनच केबल जोडली की ३१ चे १४ व्हायचे. मी पिन काढली तेव्हा तो रस्ता बंद झाला, पट्टा गेला. पण रिसीव्हर केबलच्या जमिनीवर राहिला, कूलर ३१ व्होल्टवर राहिला, आणि आईचे दोन हात त्या दोघांच्या मधे आले.

आणि एमसीबी का पडला नाही? तो ६ अँपिअरचा. गळती सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअरच्या घरातली. एमसीबीच्या दृष्टीने ती काहीच नाही, माणसाच्या छातीतून गेली तर जीव घ्यायला पुरेशी. हे काम आरसीसीबीचं असतं. गेलेली आणि परत आलेली वीज तो तोलून बघतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की लाइन तोडतो. आमच्या घरी तो नव्हताच.

आता अर्थिंगचा खड्डा शोधायचा होता. आईला आठवत होतं, पेरूच्या झाडाजवळ. तिथे आता फरशी होती. काही वर्षांपूर्वी अंगणात फरश्या बसवल्या तेव्हा मिस्त्रीने खड्ड्याचं झाकणही त्याखाली घेतलं होतं. दोन फरश्या उचलल्या. खाली सिमेंटचं झाकण, त्याखाली पाइपाचं तोंड, आणि आजूबाजूची काळी माती इतकी वाळलेली की भेगांत बोटं जात होती. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, अजून लागायचा होता, तरी ही स्थिती. माती वीज वाहून नेते ती तिच्या ओलीमुळे आणि त्या ओलीत विरघळलेल्या क्षारांमुळे. म्हणून तर खड्ड्यात मीठ आणि कोळसा थरांनी भरतात. ओल गेली की काळी माती आकसते, पाइपापासून सुटते, आणि जमिनीत पुरलेला पाइप जवळजवळ हवेत लटकल्यासारखा होतो.

मोठ्या बाबांच्या ओळखीचे एक जण अर्थ टेस्टर घेऊन आले. त्याचे दोन खिळे ठराविक अंतरावर जमिनीत ठोकावे लागतात, पण जमीन एवढी कडक की हातोडी उसळत होती. आधी तांब्याने पाणी ओतून जागा मऊ केली. आकडा जितका कमी तितकी अर्थिंग चांगली. आमचा आला २१० ओहम. मग मी पाइपात पाणी ओतायला सुरुवात केली. पहिली बादली आत गेली तशी खालून गटगट आवाज यायला लागला, तहानलेलं जनावर हौदावर पाणी पितं तसा. दुसरी गेली, तिसरी गेली. अर्ध्या तासाने परत मोजलं, ७० ओहम. पाणी हा तात्पुरता इलाज, पण आजार कुठे आहे ते त्याने पक्कं सांगितलं.

जुना पाइप गंजलेला होता, त्यामुळे नवा खड्डाच करायचं ठरवलं. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे. मोठ्या बाबांना त्यातलं बरंचसं तोंडपाठ. नवा खड्डा भिंतीपासून दीड मीटर दूर घेतला, पाइपाच्या तोंडाला पाणी ओतायला नरसाळं ठेवलं आणि झाकण उघडता येईल असं केलं. दोन दिवस काम चाललं. आकडा आला ४ ओहम. कूलरचा पंप बदलला. जुना उघडून पाहिला, तर वायर आत शिरते तिथलं रबर उन्हापाण्याने तडकलं होतं आणि तांबं उघडं पडलं होतं. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला.

पट्टा गेला का? जवळजवळ. अंधाऱ्या दृश्यात निरखून पाहिलं तर अगदी पुसट सावली उरली होती. केबलची जमीन आणि आपली जमीन कधीच तंतोतंत एका पातळीवर नसतात, थोडा फरक राहतोच. त्यासाठी केबलच्या वायरीत आयसोलेटर घालायचा. सिग्नल त्यातून पलीकडे जातो, पण जाळीचा धातू सलग राहत नाही, म्हणून लूप तुटतो आणि घरातल्या एकाही यंत्राची अर्थिंग काढावी लागत नाही. बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या गल्ल्यांत चार दुकानं फिरलो. तीन ठिकाणी मला ऑडिओचा आयसोलेटर देऊ केला, जो गाडीतल्या अॅम्प्लिफायरला लावतात. तो वेगळा, केबल टीव्हीच्या फ्रिक्वेन्सीला चालत नाही. शेवटी ऑनलाइन मागवला. मोठे बाबा म्हणाले, त्यांच्या अँटेनाच्या काळात टीव्हीमागे जो 'बलून' नावाचा छोटा ट्रान्सफॉर्मर लावायचे, तसे दोन उलटसुलट जोडूनही हे काम व्हायचं. ज्यांच्याकडे डिश आहे त्यांनी मात्र हे करू नका. डिशवरच्या यंत्राला बॉक्सकडून १३ किंवा १८ व्होल्ट त्याच वायरीतून जातात, आयसोलेटर ते अडवतो आणि चित्रच बंद पडतं.

त्याच सुमारास दुसरा एक त्रास होता, तो थोडक्यात. कूलरचा स्पीड बदलला की स्ट्रीमिंगचं चित्र दोन सेकंद काळं व्हायचं, कधी पांढरे ठिपके चमकायचे. हा ग्राउंड लूप नव्हे. डिजिटल चित्रावर पट्टे येत नाहीत. सिग्नल कमी पडला तर ठिपके येतात, नाहीतर चित्र पार जातं. चित्र ४के वरून १०८० वर आणल्यावर त्रास थांबला, म्हणजे केबल काठावर चालली होती. ४के ६० ला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांच्या ४के ला, सेकंदाला १८ गिगाबिट जातील एवढी रुंद वाट हवी आणि आमची दहा मीटरची तांब्याची एचडीएमआय, तीही कूलरच्या वायरीबरोबर एकाच केसिंग पट्टीतून नेलेली. ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय घेतली, वेगळ्या पट्टीतून नेली, प्रश्न संपला. हिला दिशा असते, एक टोक रिसीव्हरचं आणि एक प्रोजेक्टरचं, ते उलटं लावू नका.

आयसोलेटर आला त्या रात्री आईची मालिका चालू होती. वाड्यातला अंधार, एक समई, बाकी पडदा काळा. मी पडद्याजवळ जाऊन वरपासून खालपर्यंत बघत राहिलो. आई म्हणाली, "सर ना रे, दिसत नाही." सबवूफरला कान लावला. आत शांत.

कूलर चालू होता. आईने चप्पल न घालता त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवून पाहिला, मग दुसरा हात रिसीव्हरवर. मी म्हटलं, पाणी भरताना तरी प्लग काढत जा. ती हो म्हणाली, आणि आता काढतेही.

मुलीच्या वहीत पट्ट्याच्या सेकंदांचा रकाना १९ मे ला संपतो. तिथे तिने 'दिसत नाही' असं लिहून खाली रेघ मारली आहे. शेजारी नवा रकाना आहे, खड्ड्याचा: रविवार, दोन बादल्या. रविवार, दोन बादल्या. ७ जूनच्या पुढे 'पाऊस' लिहिलंय.